व्यस्त आव्यूह

व्यस्त आव्यूह : एखाद्या चौरस आव्यूहाला ज्या आव्यूहाने डावीकडून व उजवीकडून गुणले असता एकक आव्यूह मिळतो, त्यास पहिल्या आव्यूहाचा व्यस्त आव्यूह असे म्हणतात. एकक आव्यूह म्हणजे ज्याच्या मुख्य कर्णावर सर्वत्र १ व अन्यत्र ० आहे असा चौरस आव्यूह. साध्या अंकगणितात ५ ला १/५ ने गुणल्यास १ येतो, त्याच धर्तीची ही कल्पना आहे. अंकगणितात मात्र व्यस्त नसलेली संख्या एकच, ती म्हणजे शून्य. आव्यूहांच्या बाबतीत शून्य नसूनही व्यस्त नसलेले आव्यूह असंख्य आहेत, आणि या विषयातील बहुतेक अडचणी व बहुतेक गोडी तेथूनच उद्‌भवते.

या नोंदीत अ या आव्यूहाचा व्यस्त व्य(अ) असा, निर्धारक |अ| असा, तर एकक आव्यूह ए असा लिहिला आहे. मुद्रणाच्या सोयीसाठी आव्यूह एकाच ओळीत दिले असून त्यांच्या पंक्ती अर्धविरामाने वेगळ्या केल्या आहेत. उदा., अ = [२ १ ; ५ ३] याची पहिली पंक्ती २, १ व दुसरी ५, ३ आहे. त्याचा व्यस्त [३ −१, −५ २] हा होय. दोहोंचा गुणाकार [१ ०, ० १] येतो हे वाचकाला सहज पडताळून पाहता येईल.

एका आव्यूहाला दोन भिन्न व्यस्त असू शकत नाहीत. ब आणि क हे दोन्ही अ चे व्यस्त आहेत असे मानल्यास ब = ब(अक) = (बअ)क = क असे लगेच मिळते. दोन आव्यूहांच्या गुणाकाराचा व्यस्त काढताना क्रम उलटतो : व्य(अब) = व्य(ब)·व्य(अ). आधी मोजे व नंतर बूट घातले असतील, तर उतरविताना बूट आधी उतरवावे लागतात, त्यातलाच हा प्रकार आहे.

व्यस्ताचा उपयोग : अनेक अज्ञात राशींची एकघाती समीकरणे आव्यूहरूपात अक्ष = ग अशी लिहितात. येथे क्ष हा अज्ञात राशींचा व ग हा दिलेल्या राशींचा स्तंभ आहे. व्य(अ) माहीत असेल, तर क्ष = व्य(अ)·ग हे उत्तर एका गुणाकारात मिळते. ग बदलत राहतो पण अ तोच राहतो, अशा ठिकाणी हे विशेष सोयीचे ठरते.

शेतीतील एक उदाहरण घेऊ. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या आसपास, किंबहुना सर्व वर्धा जिल्ह्यात, कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची परिचित पिके होत. खतांची शिफारस हेक्टरी नत्र, स्फुरद व पालाश यांच्या किलोग्रॅमांत केली जाते (स्फुरद व पालाश येथे ऑक्साइडांच्या रूपात मोजतात). बाजारात मात्र पोती मिळतात ती यूरिया, डीएपी व म्युरेट ऑफ पोटॅश यांची. यूरियात ४६ टक्के नत्र असते. डीएपीत १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते. ही माहिती पुढील आव्यूहात मावते :

अ = [०·४६ ०·१८ ० ; ० ०·४६ ० ; ० ० ०·६०].

यातील पंक्ती अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांच्या, तर स्तंभ यूरिया, डीएपी व पोटॅश यांचे आहेत. कर्णाखालचे सर्व घटक शून्य असल्यामुळे याचा व्यस्त काढणे सोपे आहे :

व्य(अ) = [२·१७४ −०·८५१ ० ; ० २·१७४ ० ; ० ० १·६६७].

हा व्यस्त म्हणजे खतांचा तयार हिशेबच होय. सोयाबीनसाठी ३०, ७५, ३० किग्रॅ. हवे आहेत असे समजा. पहिल्या पंक्तीने गुणल्यास यूरिया सु. १·४ किग्रॅ., दुसरीने डीएपी सु. १६३ किग्रॅ. व तिसरीने पोटॅश ५० किग्रॅ. येते. कोरडवाहू कापसासाठी ६०, ३०, ३० धरल्यास यूरिया सु. १०५, डीएपी सु. ६५ व पोटॅश ५० किग्रॅ. मिळते. तुरीसाठी २५, ५०, ० धरल्यास यूरिया सु. १२ व डीएपी सु. १०९ किग्रॅ. लागते. पीक बदलले तरी व्यस्त पुन्हा काढावा लागला नाही.

व्यस्तातील −०·८५१ या ऋण घटकाचाही अर्थ सांगता येतो. स्फुरदाची गरज १ किग्रॅ.ने वाढली की डीएपी वाढते, त्याबरोबर आपोआप थोडे नत्र येते आणि म्हणून यूरिया ०·८५१ किग्रॅ.ने कमी करावा लागतो. व्यस्ताचा प्रत्येक घटक असा वाचण्याची सवय ठेवल्यास तो केवळ आकड्यांचा चौकोन राहत नाही.

व्यस्त केव्हा असतो : चौरस आव्यूहाचा निर्धारक शून्य नसेल तर, आणि तरच, त्याला व्यस्त असतो (⟶ निर्धारक). निर्धारक शून्य असणे म्हणजे आव्यूहाचा एखादा स्तंभ इतर स्तंभांपासून गुणाकार-बेरजेने बनविता येणे. खतांच्याच भाषेत सांगायचे, तर १५:१५:१५ व १९:१९:१९ या दोन मिश्रखतांपासून नत्र व स्फुरद यांची हवी ती जोडी साधता येणार नाही. येथे अ = [०·१५ ०·१९ ; ०·१५ ०·१९] असून त्याचा निर्धारक शून्य आहे. पोती दोन प्रकारची असली, तरी नत्र व स्फुरद यांच्या दृष्टीने ते एकच खत आहे, एक थोडे तीव्र व दुसरे थोडे सौम्य एवढाच काय तो भेद.

व्यस्त काढण्याच्या रीती : शालेय व महाविद्यालयीन पुस्तकांत प्रथम दिली जाणारी रीत सहखंडांची असते. आव्यूहातील एका घटकाची पंक्ती व स्तंभ वगळून उरलेल्या भागाचा निर्धारक काढावयाचा व त्यास स्थानानुसार धन वा ऋण चिन्ह द्यावयाचे. हा त्या घटकाचा सहखंड होय. सर्व सहखंडांचा आव्यूह मांडून त्याच्या पंक्तींचे स्तंभ करावयाचे व प्रत्येक घटकाला |अ| ने भागावयाचे. २ क्रमाच्या आव्यूहात याचे रूप अगदी सुटसुटीत होते : [प फ, ब भ] याचा व्यस्त [भ −फ, −ब प] यास (पभ − फब) ने भागून मिळतो. समीकरणे सोडविण्याची याच घराण्यातील निर्धारकांची रीत गाब्रिएल क्रामर (१७०४–५२) यांनी १७५० मध्ये प्रसिद्ध केली.

सिद्धांत म्हणून ही रीत मोलाची आहे. आव्यूहाचे घटक पूर्णांक असून निर्धारक १ वा −१ असेल, तर व्यस्ताचे घटकही पूर्णांकच येतात, हे तिच्यावरून पाहताक्षणी कळते. प्रत्यक्ष गणनेसाठी मात्र २ किंवा ३ यांपेक्षा मोठ्या क्रमाला ती वापरू नये. २० क्रमाच्या निर्धारकाच्या पूर्ण विस्तारात २० क्रमगुणित, म्हणजे सु. २४३ वर १६ शून्ये इतकी पदे येतात. सेकंदाला एक अब्ज पदे हाताळणाऱ्या यंत्रालाही त्यासाठी सु. ७७ वर्षे लागतील. पुढे दिलेल्या रीतीने तोच व्यस्त सु. ८,००० गुणाकारांत निघतो.

ही दुसरी रीत निरसनाची. अ च्या उजवीकडे एकक आव्यूह लिहून घ्यावयाचा आणि दोहोंच्या पंक्तींवर एकाच वेळी तीन प्रकारच्या क्रिया करावयाच्या : दोन पंक्तींची अदलाबदल, एखाद्या पंक्तीस शून्येतर संख्येने गुणणे आणि एका पंक्तीची काही पट दुसरीत मिळविणे. डावीकडे एकक आव्यूह आला की उजवीकडे व्यस्त तयार झालेला असतो. कारण उघड आहे. प्रत्येक क्रिया म्हणजे डावीकडून एका साध्या आव्यूहाने केलेला गुणाकारच असतो. या सर्वांचा एकत्रित गुणाकार अ चे ए मध्ये रूपांतर करीत असेल, तर तोच व्य(अ) होय, आणि ए वर त्याच क्रिया केल्याने तोच उजवीकडे उमटतो.

अ = [१ २ १ ; २ ५ ३ ; १ ३ ३] हे उदाहरण पाहू. दुसऱ्या पंक्तीतून पहिलीची दुप्पट व तिसरीतून पहिली वजा केली असता डावीकडे [१ २ १, ० १ १, ० १ २] व उजवीकडे [१ ० ०, −२ १ ०, −१ ० १] मिळते. आता तिसरीतून दुसरी वजा करू. तिसरी पंक्ती डावीकडे ० ० १ व उजवीकडे १ −१ १ होते. दुसरीतून तिसरी वजा केल्यास उजवीकडची दुसरी पंक्ती −३ २ −१ होते. पहिलीतून तिसरी व नंतर दुसरीची दुप्पट वजा केल्यास उजवीकडे ६ −३ १ उरते. म्हणून

व्य(अ) = [६ −३ १ ; −३ २ −१ ; १ −१ १].

मूळ आव्यूह कर्णाच्या दोन्ही बाजूंस सारखा असल्याने व्यस्तही तसाच आला आहे. हाताने गणित करणाऱ्याला ही एक फुकटची पडताळणीच म्हणता येईल.

भागाकारासाठी घ्यावयाचा कर्णावरील घटक शून्य निघाला, तर खालच्या योग्य पंक्तीशी अदलाबदल करतात. खाली एकही योग्य पंक्ती न उरल्यास अ ला व्यस्तच नाही असे ठरते. निर्धारक आधी काढून पाहण्याची गरज नसते. संगणकावर तर हा घटक शून्य नसला तरी, स्तंभातील सर्वांत मोठ्या केवलमूल्याचा घटक वर आणण्याचा प्रघात आहे. लहान संख्येने भागल्यास पूर्णांकनातील चुका फुगतात, त्या अशाने आवरता येतात.

निरसनाची कल्पना फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘नऊ प्रकरणे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी गणितग्रंथात मोजकाड्या पटावर मांडून समीकरणे अशाच प्रकारे सोडविलेली आढळतात. यूरोपात कार्ल फ्रीड्रिख गौस (१७७७–१८५५) यांनी ती ज्योतिषशास्त्रातील व भूमापनातील गणनांसाठी वापरली. डावीकडे पूर्ण एकक आव्यूह येईपर्यंत निरसन चालू ठेवण्याच्या रीतीला गौस–जॉर्डन असे जोडनाव आहे. त्यातील जॉर्डन हे भूमापनतज्ञ व्हिल्हेल्म जॉर्डन (१८४२–९९) होत. फ्रेंच गणितज्ञ कामीय जॉर्डन यांच्याशी त्यांची गल्लत पुष्कळदा केली जाते. आव्यूह ही स्वतंत्र गणितीय वस्तू मानून तिच्या बेरजेचे, गुणाकाराचे व व्यस्ताचे नियम सलगपणे मांडण्याचे श्रेय आर्थर केली (१८२१–९५) यांच्या १८५८ मधील निबंधाला दिले जाते. म्हणजे रीत आधी आणि वस्तू नंतर, असा हा इतिहास आहे.

व्यस्तावर किती विसंबावे : निर्धारक शून्य नाही एवढ्यावरून व्यस्त उपयोगी ठरेलच असे नाही. बाजारातील १०:२६:२६ व १२:३२:१६ या खतांतील फक्त नत्र व स्फुरद विचारात घेतल्यास अ = [०·१० ०·१२ ; ०·२६ ०·३२] मिळतो. त्याचा निर्धारक ०·०००८ आहे, म्हणून व्यस्त आहे :

व्य(अ) = [४०० −१५० ; −३२५ १२५].

नत्र १२ व स्फुरद ३१·५ किग्रॅ. हवे असल्यास पहिले खत ७५ व दुसरे ३७·५ किग्रॅ. लागते. स्फुरदाची मागणी ३२ केली, म्हणजे केवळ अर्ध्या किग्रॅ.ने वाढविली, तर पहिले खत ० व दुसरे १०० किग्रॅ. येते. आणखी अर्धा किग्रॅ. वाढविल्यास पहिल्या खताचे उत्तर −७५ येते, म्हणजे उत्तरच निरर्थक होते. शेतात पसरलेल्या खतात अर्ध्या किलोचा फरक कोणाच्याही ध्यानात येणार नाही, पण या आव्यूहाने तो दीडशेपट व त्याहून अधिक वाढविला. दोन्ही स्तंभ जवळजवळ एकाच दिशेचे आहेत, हे याचे कारण. अशा आव्यूहाला दुःस्थित म्हणतात. निर्धारक लहान असणे हे दुःस्थितीचे खरे गमक नव्हे : आव्यूहातील सर्व घटक टक्क्यांत, म्हणजे शंभरपट करून लिहिले, तर निर्धारक ८ होतो, पण दुःस्थिती तसूभरही कमी होत नाही. अ व व्य(अ) या दोहोंच्या आकारमानांचा गुणाकार किती मोठा आहे, हे पाहावे लागते. मोजमापातून आलेल्या आकड्यांचा व्यस्त काढणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी केलीच पाहिजे. ती न करता छापलेले सहा दशांश स्थळांचे उत्तर दिशाभूल करणारे असते.

दुसरी सूचना अशी की, समीकरणांचा एकच संच सोडवावयाचा असल्यास व्यस्त काढूच नये. न क्रमाच्या आव्यूहाचा व्यस्त काढण्यास सु. न चा घन इतके गुणाकार लागतात, तर निरसनाने थेट उत्तर काढण्यास त्याच्या सु. एक तृतीयांश पुरतात आणि चूकही सहसा कमी राहते. महासंगणकांची जागतिक क्रमवारी ज्या लिनपॅक चाचणीने लावतात, तीत अवाढव्य क्रमाची समीकरणे सोडविली जातात, पण व्यस्त काढला जात नाही. पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा उद्योगसमूहाच्या संस्थेतील ‘एका’ हा संगणक नोव्हेंबर २००७ मध्ये याच चाचणीत सेकंदाला सु. ११८ लक्ष कोटी क्रिया करून जगात चौथा आला होता.

विशिष्ट रचनेचे आव्यूह : आव्यूहाच्या अंगी काही नियमितपणा असला, तर व्यस्त निरसनावाचून एका ओळीत लिहिता येतो. ज हा सर्व घटक १ असलेला न क्रमाचा आव्यूह मानल्यास, (पए + फज) याचा व्यस्त (१/प)·[ए − (फ/(प + नफ))·ज] असा येतो. हे सूत्र दिसावयास किरकोळ असले, तरी शेतीवरील प्रयोगांच्या आखणीत त्याला मोठे स्थान आहे. समजा, व इतक्या वाणांची तुलना करावयाची आहे. जमिनीच्या प्रत्येक गटात क वाण मावतात, प्रत्येक वाण र गटांत येतो आणि वाणांची कोणतीही जोडी ल गटांत एकत्र येते. अशा आखणीला संतुलित अपूर्ण गट अभिकल्प म्हणतात. कोणता वाण कोणत्या गटात आहे हे १ व ० यांनी दाखविणारा आव्यूह म आणि त्याच्या पंक्तींचे स्तंभ करून मिळणारा आव्यूह मʼ मानल्यास म·मʼ = (र − ल)ए + लज असे येते, आणि त्याचा निर्धारक रक·(र − ल) हा, यात (र − ल) चा घात (व − १), इतका असतो. क हा व पेक्षा लहान असेल तर र हा ल पेक्षा मोठा असतो, म्हणून हा निर्धारक शून्य नसतो व व्यस्त असतो. यावरून गटांची संख्या वाणांच्या संख्येपेक्षा कमी असूच शकत नाही असे निघते. रॉनल्ड फिशर यांनी १९४० मध्ये दिलेल्या या असमतेची ही आव्यूहरूप सिद्धता राजचंद्र बोस यांनी १९४९ मध्ये दिली.

बोस यांचे विद्यार्थी शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांनी १९५० मध्ये यापुढचे पाऊल टाकले. श्रीखंडे यांचे शिक्षण नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात झाले. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. गट व वाण यांची संख्या सारखी असेल, तर म हा स्वतःच चौरस होतो आणि वरील निर्धारक हा |म| चा वर्ग ठरतो. |म| पूर्णांक असल्यामुळे, वाणांची संख्या सम असताना (क − ल) हा पूर्ण वर्ग असलाच पाहिजे. त्यामुळे २२ वाण, ७ चे २२ गट व प्रत्येक जोडी २ वेळा ही आखणी अशक्य ठरते : साध्या मोजणीच्या सर्व अटी ती पुऱ्या करते, पण ७ − २ = ५ हा पूर्ण वर्ग नाही. एम. पी. शूट्झेनबर्गर यांनीही १९४९ मध्ये हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे काढला होता. एकही गट न मांडता, केवळ निर्धारकाकडे पाहून प्रयोग अशक्य ठरविणारी ही सिद्धता या विषयातील अत्यंत देखण्या सिद्धतांपैकी आहे.

वरील (पए + फज) चे सूत्र अधिक व्यापक अशा एका सूत्राचा विशेष प्रकार आहे. आव्यूहात एक स्तंभ व एक पंक्ती यांच्या गुणाकाराएवढीच भर पडली असेल, तर जुन्या व्यस्तावरून नवा व्यस्त थोड्या श्रमात मिळतो. शर्मन–मॉरिसन या नावाने परिचित असलेल्या या सूत्राचा एक फलदायी उपयोग नरेंद्र करमरकर यांच्या गणनरीतीत झाला. खतांच्या उदाहरणात ऋण उत्तर आले की आव्यूहाचा व्यस्त एकटा पुरेसा होत नाही. उदा., नत्र २० व स्फुरद ७५ हवे असल्यास पहिल्या आव्यूहावरून यूरिया सु. −२० किग्रॅ. येतो. अशा वेळी सुपर फॉस्फेटसारखे चौथे खत घ्यावे लागते, आव्यूह चौरस राहत नाही, उत्तरे अनंत होतात आणि त्यांतून सर्वांत स्वस्त ते निवडावयाचे असते. हा रेषीय प्रायोजनाचा प्रश्न होय (⟶ रेषीय प्रायोजन). ग्वाल्हेर येथे मराठी कुटुंबात जन्मलेल्या व मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत शिकलेल्या करमरकर यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना १९८४ मध्ये त्यासाठी नवी रीत प्रसिद्ध केली. तिच्या प्रत्येक पावलावर एका चौरस आव्यूहाच्या व्यस्ताची गरज पडते. तो आव्यूह पावलागणिक थोडाथोडाच बदलतो, हे हेरून त्यांनी व्यस्त नव्याने न काढता आवश्यक तेथेच दुरुस्त करण्याची योजना केली. त्यामुळे एकूण श्रम न च्या चौथ्या घाताऐवजी ३·५ व्या घाताच्या प्रमाणात वाढतात.

व्यापक व्यस्त : ज्यांना व्यस्त नाही अशा, तसेच चौरस नसलेल्या आव्यूहांसाठी ई. एच. मूर यांनी १९२० मध्ये व रॉजर पेनरोझ यांनी १९५५ मध्ये व्यस्ताच्या कल्पनेचा विस्तार केला. त्याच वर्षी सी. आर. राव (१९२०–२०२३) यांनी संख्याशास्त्रातील गरजेपोटी अशाच व्यस्ताचा वापर केला, आणि १९७१ मध्ये राव व सुजितकुमार मित्र यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अहअ = अ ही एवढीच अट पाळणारा कोणताही आव्यूह ह हा अ चा व्यापक व्यस्त मानला जातो; तो नेहमी असतो, पण साधारणतः एकमेव नसतो. वर आलेल्या [०·१५ ०·१९ ; ०·१५ ०·१९] या आव्यूहासाठी ह = [१/०·१५ ० ; ० ०] घेता येतो. त्याचा व्यावहारिक अर्थ, १९:१९:१९ चे पोते बाजूला ठेवून नत्राच्या मागणीवरून १५:१५:१५ चे वजन ठरवावे, असा होतो. नत्र व स्फुरद यांची मागणी सारखी असेल तर हे उत्तर बिनचूक असते. तशी ती नसेल तर या दोन पोत्यांनी ती कोणत्याही प्रकारे पुरी होत नाही.